टोकियो टॉवरला कमी लेखू नका

टोकियोतला स्कायट्री हा मनोरा 634 मीटर उंच आहे, मग त्याच शहरातल्या 333 मीटरच्या टोकियो टॉवरवर पैसे कशाला घालवायचे, असं कुणी म्हटलं तर मला ते अजिबात पटत नाही. नुसती उंची बघायची तर स्कायट्रीच, वादच नाही, पण ॲनिमेवेड्या (म्हणजे जपानी कार्टूनचं वेड असलेल्या) माणसाला टॉवर बघितल्याशिवाय कसं चालेल? 1958 साली उभा राहिलाय तो, आणि त्याच्या पोलादात कोरियन युद्धानंतर भंगारात काढलेले अमेरिकन रणगाडे वितळवून वापरलेत! 1961 च्या मोथ्रा या राक्षसी पतंगाच्या सिनेमात त्याची अवाढव्य अळी याच टॉवरवर कोष विणते, आणि सेलर मून ही ॲनिमे मालिका जिथे घडते तो अझाबू-जुबान भाग तिथून चालत जाण्याइतका जवळ.

जमलं तर वर जाताना लिफ्ट नकोच, बाहेरचा जिना उघडा असेल तर त्यानेच जा, 150 मीटरवरच्या गॅलरीपर्यंत साधारण 600 पायऱ्या आहेत, बाजूला फक्त जाळी, वारा थेट अंगावर आणि अगदी हाताच्या अंतरावर ते रिवेट ठोकलेले केशरी खांब, काय भारी वाटतं म्हणून सांगू!

आणि स्लॅम डंक ही बास्केटबॉलवरची ॲनिमे आवडत असेल तर टोकियोबाहेर, कामाकुरा शहरातल्या कामाकुराकोकोमाए स्टेशनजवळचं रेल्वे फाटक चुकवू नका. एनोडेन या छोट्या स्थानिक रेल्वेची हिरवी-क्रीम गाडी जाते आणि मागे एकदम निळा समुद्र, डिट्टो टायटल साँगमधली फ्रेम. फक्त फोटोसाठी रस्त्याच्या मधोमध उभे राहू नका प्लीज, आजूबाजूला लोकांची घरं आहेत आणि गर्दीचा त्यांना खरंच खूप त्रास होतो.