शब्दचर्चा : ‘चकमक’ उडते, ‘एन्काउंटर’ मात्र करतात

विचारणा

एकाच घटनेची बातमी एका वृत्तपत्रात ‘चकमकीत ठार’ अशी येते, दुसऱ्यात ‘आरोपीचा एन्काउंटर’ अशी आणि तिसऱ्यात ‘पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू’ अशी. हे तीन शब्दप्रयोग समानार्थी मानावेत काय? त्याचप्रमाणे ‘पोलीस कोठडी’ आणि ‘न्यायालयीन कोठडी’ यांत नेमका फरक कोणता? न्यायालयाच्या इमारतीत खरोखरच कोठडी असते काय, असा प्रश्न माझ्या शाळकरी मुलीने विचारला आणि मला उत्तर देता आले नाही. शेवटी, ‘ड्यू प्रोसेस’साठी, म्हणजे माणसाचे स्वातंत्र्य काढून घेताना पाळायच्या न्याय्य प्रक्रियेसाठी, मराठीत रुळलेला शब्द आहे काय, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर

न्यायालयीन कागदपत्रांचे भाषांतर करणे हा माझा रोजचा व्यवसाय असल्याने हे शब्द दिवसभर हाताखालून जातात. आपल्या प्रश्नांचा क्रम थोडा बदलून उत्तर देतो.

‘चकमक’ हा तुर्कीतून फारसीमार्गे मराठीत आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ ठिणगी पाडण्याचे साधन. गारगोटीवर पोलादाचा तुकडा घासून मारायचा, पडलेली ठिणगी कापसावर झेलायची आणि फुंकर घालून विस्तव धरायचा, असे ते काम होते. गारगोटी नुसती हातात धरून बसले तर ठिणगी पडत नाही; तिच्यावर आपटणारे दुसरे काहीतरी लागतेच. दोन सैन्यांच्या तुकड्या एकमेकींना भिडल्या की ‘चकमक उडाली’ किंवा ‘चकमक झडली’ असे आपण म्हणू लागलो ते यावरूनच. तेव्हा ‘चकमकीत ठार’ असे लिहिणारा बातमीदार नकळत एक विधान करून बसतो, ते म्हणजे गोळीबार दोन्ही बाजूंनी झाला. ते खरे असेलही, परंतु बातमी लिहिली जाते त्या रात्री तो केवळ पोलिसांचा दावा असतो.

याहून बोलके आहे ते क्रियापद. चकमक उडते, झडते, होते. ‘पोलिसांनी त्याची चकमक केली’ असे कोणीही म्हणत नाही. एन्काउंटर मात्र ‘करतात’. ‘त्याचा एन्काउंटर करून टाका’ हे वाक्य चहाच्या टपरीवर सहज ऐकू येते. इंग्रजीत ज्या शब्दाचा अर्थ समोरासमोर गाठ पडणे एवढाच आहे, तो मराठीत येताच सकर्मक झाला आणि त्याला कर्ता मिळाला. अधिकृत निवेदनात कोणीही काही केलेले नसते, घटना घडलेली असते. लोकांच्या बोलण्यात मात्र कोणीतरी काहीतरी केलेले असते आणि बोलणाऱ्याला ते ठाऊक असते. ‘चकमकफेम अधिकारी’ हा आपल्या वृत्तपत्रांनी घडवलेला समासही याच जाणिवेतून आला. जी गोष्ट आपोआप घडते तिच्यासाठी कोणाची ख्याती होत नाही.

बदलापूरच्या शाळेतील लैंगिक अत्याचार प्रकरणातला आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मरण पावला. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या आणि स्वसंरक्षणार्थ गोळी चालवावी लागली, असे पोलिसांनी सांगितले. दोनच दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सुनावणीत तोंडी मत व्यक्त केले की याला एन्काउंटर म्हणता येणार नाही. म्हणजे न्यायालयालाही प्रथम शब्दच तपासावा लागला. तोवर मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले होते आणि पेढेही वाटून झाले होते. गावाच्या नावाची फोड करून साधलेला तो श्लेष मराठी म्हणून चलाख आहे हे मान्य करावे लागते, आणि तो वाचताना मला अस्वस्थही वाटले. ‘न्याय’ आणि ‘बदला’ हे दोन शब्द मराठीत कधीच समानार्थी नव्हते. त्या फलकाने ते समानार्थी करून दाखवले. आणखी एक योगायोग नोंदवतो. चकमकीत मृत्यू झाल्यास तपास कसा करावा याची १६ कलमी नियमावली सर्वोच्च न्यायालयाने ज्या खटल्यात घालून दिली तो खटला महाराष्ट्र राज्याविरुद्धचाच होता, मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात झालेल्या चकमकींविषयीचा. आणि त्या निकालाची तारीख होती २३ सप्टेंबर २०१४. बरोबर दहा वर्षे.

तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की हे तीन प्रयोग समानार्थी नाहीत. न्यायालयात काही सिद्ध होईपर्यंत ‘पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू’ हाच प्रामाणिक शब्दप्रयोग आहे, कारण त्यात जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगितलेले असते.

आता कोठडी. संस्कृत ‘कोष्ठ’, त्यावरून ‘कोठा’, ‘कोठी’ आणि त्याचे लहान रूप ‘कोठडी’. म्हणजे मुळात ही एक खोली आहे. कायद्याच्या भाषेत तिची अवस्था झाली. पोलीस कोठडीत माणूस तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात असतो. न्यायालयीन कोठडी सुनावली की त्याची रवानगी कारागृहात होते. आपल्या मुलीला सांगावे की न्यायालयात अशी कोठडी नसते; माणूस तुरुंगात असतो, मात्र न्यायालयाच्या हुकुमाने. कारागृहाच्या भाषेत तो ‘कच्चा कैदी’. शिक्षा झाली की ‘पक्का’. भाकरी कच्ची राहावी तसा हा कच्चेपणा आहे, आणि कित्येकांची भाकरी वर्षानुवर्षे तव्यावरच राहते.

या फरकाचा गैरवापर कसा होतो हे परभणीत दिसले. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यानंतर तेथे उसळलेल्या हिंसाचारात अटक झालेला कायद्याचा एक विद्यार्थी १५ डिसेंबर रोजी मरण पावला. तो त्या वेळी न्यायालयीन कोठडीत होता, पोलीस कोठडीत नव्हता, हे तातडीने सांगितले जाऊ लागले, जणू त्या एका विशेषणाने प्रश्न मिटतो. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा आढळल्या होत्या, आणि जखमा कोठडी बदलली म्हणून पुसल्या जात नाहीत. पुढे जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. कायदा या बाबतीत शब्दांच्या आड लपू देत नाही. भारतीय नागरी सुरक्षा संहितेचे कलम १९६ (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७६, पोटकलम १-क) पोलिसांच्या अभिरक्षेतील मृत्यूबरोबरच न्यायालयाने मंजूर केलेल्या अन्य कोणत्याही अभिरक्षेतील मृत्यूचीही चौकशी दंडाधिकाऱ्याने करावी असे सांगते.

येथे ‘अभिरक्षा’ हा शब्द आला, त्यात ‘रक्ष्’ धातू आहे. सरकारी म्हणून आपण त्याला हसतो, पण कोठडीत केवळ भिंती आहेत, अभिरक्षेत राखण आहे. याहून जुना आणि मला अधिक आवडणारा शब्द ‘हवाला’. ‘हवाली करणे’ म्हणजे विश्वासाने सोपवणे. ‘हवालत’ हा कायद्याच्या मराठी अनुवादांत आढळणारा शब्द त्याच घरातला, आणि ‘हवालदार’ही तिथलाच. (‘हवालदिल’ मात्र या कुळातला नव्हे, तो ‘हौल’ म्हणजे धास्ती यावरून आला. अर्थात, हवालदार दारात उभा राहिला की माणूस हवालदिल होतो, तो भाग वेगळा.) शिवकाळात किल्ला हवालदाराच्या हवाली असे. ज्याच्या हवाली काही केले, त्याने ते जसेच्या तसे परत दाखवायचे आणि कमी भरले तर जाब द्यायचा, एवढे सगळे त्या शब्दात होते.

डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटकेसंबंधी ज्या अकरा अटी घातल्या, त्या वाचताना मला हाच अर्थ आठवतो. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव दिसले पाहिजे, अटकेचे टिपण साक्षीदारासमक्ष झाले पाहिजे, नातेवाइकाला कळवले पाहिजे, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. आणि आरोपीने मागणी केल्यास त्याच्या अंगावरच्या लहानमोठ्या सर्व जखमांची नोंद अटकेच्या वेळीच करून त्यावर त्याची आणि पोलीस अधिकाऱ्याची, दोघांची सही झाली पाहिजे, व तिची प्रत आरोपीला मिळाली पाहिजे. भाड्याने घेतलेल्या मोटारीवरचे ओरखडे आधीच लिहून दोघांनी सही करावी, तशी ही पोचपावती आहे. ‘ड्यू प्रोसेस’चे मराठी भाषांतर शोधणाऱ्याने आधी हा कागद डोळ्यांसमोर आणावा.

भाषांतराविषयी. संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये ‘कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ असा शब्दप्रयोग आहे आणि तो ‘ड्यू प्रोसेस’ मुद्दाम टाळून घेतलेला आहे. संविधान सभेत यावर मोठा वाद झाला. १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी आजचा अनुच्छेद २२ मांडला, तोच या उणिवेची भरपाई म्हणून: अटकेची कारणे सांगणे, वकील मिळणे, प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे. पुढे १९७८ साली मनेका गांधी खटल्यात कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे असे ठरले आणि टाळलेला अर्थ मागल्या दाराने आत आला. ‘रीतसर कार्यपद्धती’ हा शब्द मला पुरेसा वाटतो. ‘रीत’ सगळ्यांना कळते.

प्रतिसाद

आपले विवेचन माहितीपूर्ण आहे, परंतु लोक पेढे का वाटतात हे त्यात आले नाही. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण पोलिसांनी केलेली नाही; पिढ्यान्‌पिढ्या खेटे घालून थकलेल्यांनी ती केली आहे. ज्याच्या घरातल्या मुलीवर प्रसंग आला, त्याने दहा वर्षे तारखा मोजाव्यात आणि आपण ‘आरोपी म्हणा, गुन्हेगार म्हणू नका’ असे त्याला शिकवावे, यात मला थोडा निर्दयपणा दिसतो.

उत्तर

आपला आक्षेप रास्त आहे, आणि आपण दिलेल्या म्हणीच्या शेजारी मी आणखी एक शब्द ठेवतो: ‘सोपस्कार’. ‘कायदेशीर सोपस्कार उरकले’ असे आपण म्हणतो, तेव्हा निकाल आधीच लागलेला आहे आणि उरले आहेत ते निव्वळ उपचार, असे गृहीत धरलेले असते. न्यायालयांच्या दिरंगाईने हा अर्थ कमावला आहे, हे मी नाकारत नाही.

तरीही त्या मुलीच्या वडिलांकडे दुसऱ्या बाजूने पाहावे असे वाटते. बातम्यांतले एक ठरीव वाक्य आहे: ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपी पोपटासारखा बोलू लागला आणि त्याने गुन्ह्याची कबुली दिली.’ ते वाचून वाचकाला समाधान वाटते. परंतु १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ पासून आजच्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ पर्यंत, पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. मकोकासारखे (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा) अपवाद आहेत, तेही वरिष्ठ अधिकाऱ्यापुढच्या कबुलीपुरते. पोपट तोच बोलतो जे त्याला पढवलेले असते, हे त्या वाक्याच्या कर्त्याच्या ध्यानात आलेले नसावे. खाक्या दाखवून चुकीचा माणूस बोलता झाला आणि मेला, तर खरा गुन्हेगार बाहेर राहतो आणि त्या वडिलांच्या हाती काहीच लागत नाही. हैदराबादला डिसेंबर २०१९ मध्ये एका तरुणीवरील बलात्कार व हत्येच्या प्रकरणातील चार संशयितांना पोलिसांनी गोळ्या घातल्यावर पोलिसांवर फुले उधळली गेली, पुढे न्या. विकास सिरपूरकर आयोगाने ठार मारण्याच्या हेतूने गोळीबार झाल्याचे मत नोंदवले. त्या प्रकरणात खटला उभाच राहिला नाही, त्यामुळे गुन्हा कोणी केला हे न्यायालयात कधीच सिद्ध होणार नाही.

‘आरोपी’ या शब्दावर मात्र मी थोडा हट्ट धरणार आहे. ‘आरोप’ आणि ‘वृक्षारोपण’ यांतील धातू एकच. आरोप म्हणजे बाहेरून आणून रोवलेली गोष्ट. ज्याच्यावर ती रोवली तो खरे तर ‘आरोपित’, ‘संशयित’सारखा. पण आपण ‘दोषी’, ‘रोगी’, ‘पापी’ यांच्या पंगतीत बसणारे ‘आरोपी’ हे रूप स्वीकारले, आणि त्या दीर्घ ‘ई’ने बाहेरून आलेली गोष्ट माणसाच्या अंगचा गुण होऊन बसली. हे रूप आता बदलणार नाही, बदलावे असा माझा आग्रहही नाही. भाषांतर करताना मी ‘आरोपी’ असेच लिहितो. फक्त एखाद्या कागदावर शिक्षा होण्यापूर्वीच ‘गुन्हेगार’ असे लिहून आले, तर समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करून तो कागद परत पाठवतो.