रोज १२०० कॅलरी की १५००? भात-माशाच्या जेवणात आकडा कसा ठरवायचा

मालवणची_सून
वय ४२, उंची १५६ सेंमी, वजन ७४ किलो. बसून शिवणकाम, घरातली कामं आणि संध्याकाळी पाऊण तास चालणं. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये सगळं भरलं तर रोज १२०० कॅलरी असं आलं. दुपारी भात, रात्री भात किंवा भाकरी आणि कालवणाला नारळाचं वाटण, यात १२०० बसवणं कठीण दिसतंय. हा आकडा बरोबर आहे का? मिस्टरांनाही वजन कमी करायचंय (४८ वर्षं, १६८ सेंमी, ८२ किलो, साखरेच्या गोळ्या चालू). जेवण एकाच टोपातलं, मग दोघांचं वेगळं मोजायचं कसं?

सड्यावरचा
ताई, १२०० येण्याचं कारण बहुधा तुम्ही 'आठवड्याला १ किलो' हा पर्याय निवडलात. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, म्हणजे रोज ११०० ची तूट. तेवढी वजा केली तर तुमच्यासाठी साडेसातशेच उरतात. बायकांना १२०० च्या खाली न्यायचं नाही अशी अट बऱ्याच अ‍ॅपमध्ये असते, म्हणून आकडा तिथे येऊन अडकला. तो तुमच्या शरीराचा हिशोब नव्हेच.

हिशोब हाताने करा. मिफ्लिन-सेंट जिओर हे १९९० चं सूत्र आजही वापरात आहे: वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, आणि बायकांसाठी आणखी १६१ वजा (पुरुषांसाठी ५ अधिक). तुमचं ७४० + ९७५ − २१० − १६१ = १३४४. एवढी ऊर्जा नुसतं पडून राहिलात तरी लागते. दिवसभर बसून असाल तर याला १.२ ने गुणायचं, रोज चालत असाल तर १.३७५ ने. म्हणजे तुमचा खर्च १८५० च्या आसपास. चालणं बंद पडलं की तोच १६१० वर येतो, पावसाळ्यात हे लक्षात ठेवा.

त्यातून ४०० वजा करा, १४५० वर सुरुवात करा. आठवड्याला ३५०-४०० ग्रॅम उतरायला हवेत. हा वेग अजिबात कमी नाही. ७४ चे ७० झाले तरी साखर आणि रक्तदाबात फरक दिसू लागतो.

एक चूक मात्र सगळे करतात. १.३७५ ने गुणताना चालणं हिशोबात आलेलं असतं. मग घड्याळ संध्याकाळी 'आज २२० कॅलरी जाळल्या' म्हणतं आणि अ‍ॅप तेवढं जास्त खायची मुभा देतं. ती घेऊ नका, तेच चालणं दोनदा धरलं जातं.

तिरफळ
आकडा ठीक आहे, पण कोकणातल्या घरात गणित चुकतं ते मोजण्यात. 'एक वाटी भात' म्हणजे काय? वाटी कुठली, भात मोकळा की आसट (मऊ-ओलसर), तांदूळ सुरय (न उकडलेला) की उकडा, यावर दीडपट फरक पडतो. म्हणून तांदूळ कच्चा असतानाच वजन करा. १०० ग्रॅम कच्च्या तांदळाला ३५० कॅलरी, जात कुठलीही असो.

एका टोपातलं मोजणं सोपं आहे. रिकाम्या टोपाचं वजन एकदा करून भिंतीवर लिहून ठेवा. समजा २०० ग्रॅम तांदूळ घातला, ७०० कॅलरी झाल्या. शिजल्यावर टोपाचं वजन वजा करून भात ५६० ग्रॅम भरला, तर एका ग्रॅमला सव्वा कॅलरी. ताटात १६० ग्रॅम वाढलात तर २००. कालवणाचंही तसंच: तेल, खोबरं, मासे वेगवेगळे मोजून घाला, बेरीज करा, शिजलेल्या वजनाने भागा. पेज काढून टाकत असाल तर थोडी पिठूळ ऊर्जा तिच्याबरोबर जाते, पण ती धरत बसू नका.

खरा घोळ खोबऱ्याचा. ओल्या खोबऱ्याला १०० ग्रॅममागे साडेतीनशे ते चारशे कॅलरी, सुक्याला साडेसहाशेच्या घरात. अर्ध्या नारळाचा चव (खवलेलं खोबरं) सहज १०० ग्रॅमच्या वर जातो. कुणी सांगेल नारळ सोडा. काही गरज नाही. माणशी २० ग्रॅम धरा, ७५ कॅलरी होतात. वाटणाला दाटपणा हवा तर भाजलेला कांदा आणि थोडे धणे वाढवा. सोलकढी पहिल्या घट्ट रसाची असेल तर तिला पाणी समजू नका, बरीच चरबी त्याच रसात उतरते.

तेल बाटलीतून ओतू नका, चमच्याने घाला. चहाचा सपाट चमचा म्हणजे ४० कॅलरी. रवा लावून तळलेल्या सुरमईत माशापेक्षा तेलाचा हिशोब अवघड असतो. कढईत तळू नका, तव्यावर मोजून दोन चमचे तेल सोडा, मग तव्यावर किती उरलं याचा विचार करायला नको.

मालवणची_सून
धन्यवाद. मग १४५० मध्ये एक दिवस कसा दिसेल? आणि मिस्टरांचा आकडा?

तिरफळ
सकाळी ५० ग्रॅम तांदळाच्या पिठाचे घावन, चमचाभर तेल, एक उकडलेलं अंडं, १५ ग्रॅम खोबऱ्याची चटणी: ३४५. दोन चहा, प्रत्येकी एक चमचा साखर: १००. दुपारी ६० ग्रॅम तांदळाचा भात, बांगड्याचं सार (काटे-डोकं सोडून १२० ग्रॅम मासा, २० ग्रॅम खोबरं, चमचाभर तेल) आणि एक भाजी: ५३५. संध्याकाळी मूठभर फुटाणे, २५ ग्रॅम: ९०. रात्री ४५ ग्रॅम पिठाची भाकरी, ३० ग्रॅम कुळथाची पिठी, भाजी, चमचाभर तेल: ३६०. एकूण १४३०, प्रथिनं साठ ग्रॅमच्या आसपास. त्यात आणखी एक अंडं घातलंत तर सत्तर कॅलरीत सहा ग्रॅम वाढतील. भूक आवरते ती प्रथिनांनी, आणि वजन उतरताना स्नायूही टिकतात. बाजारातून आणलेल्या अख्ख्या माशाचं वजन धरू नका, निम्म्याच्या थोडं वरच खाण्याजोगं निघतं.

काजू मात्र मोजूनच. दहा गरांचे ८५-९०.

सड्यावरचा
मिस्टरांचं सूत्राने १६३५, गुणिले १.३७५ म्हणजे सुमारे २२५०. पाचशे वजा, १७५०. तुमच्यापेक्षा ३०० जास्त. कालवण दोघांना सारखंच वाढा आणि ८५ ग्रॅम तांदूळ त्यांच्या वाट्याला जादा, झाला हिशोब.

गोळ्या_आणि_पथ्य
हिशोब जुळला, पण साखर असलेल्या माणसाचे ते ३०० भातात घालू नका. माशाची एक जादा तुकडी, दोन अंडी आणि उसळीची वाटी, यात तेवढेच भरतात.

त्याआधी गोळीचं नाव बघा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन असेल तर जेवण कमी केल्यावर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डॉक्टरांना विचारून मात्रा आधी ठरवून घ्या, मग १७५० सुरू करा. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका फार कमी. हातपाय थरथरणं, घाम, एकदम चिडचिड झाली तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीतून साखर बाहेर टाकणारी गोळी असेल तर भात-भाकरी पूर्ण बंद करण्याचा प्रयोग करूच नका. रक्तदाबाची गोळी असेल तर वजन उतरल्यावर तिचीही मात्रा बदलावी लागू शकते.

गरोदरपणात, अंगावर पाजत असताना किंवा मूत्रपिंडाचा आजार असताना असले आकडे स्वतः ठरवायचे नसतात.

सड्यावरचा
भाताबद्दल मान्य, तुमचंच बरोबर.

ताई, १४५० हा फक्त अंदाज आहे. सूत्र दहा टक्के इकडेतिकडे होतं, खरा आकडा वजनकाटाच सांगतो. रोज सकाळी शौचानंतर, चहाच्या आधी वजन करा आणि सात दिवसांची सरासरी काढा. सुट्या आकड्यांकडे बघू नका. पहिल्या आठवड्यात किलो-दीड किलो उतरतं त्यात पाणीच जास्त. पाळीच्या आधी वाढतं, म्हणून या महिन्यातला आठवडा मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडून बघा. जून-जुलैत मासेमारी बंद असली की ताटात सुकट, खारा बांगडा येतो. मिठामुळे दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसेल, ती चरबी नाही. सुकट दोन पाण्यांत धुऊन घ्या.

चार आठवड्यांत सरासरी हललीच नाही तर लगेच आकडा कापू नका. आधी आठवडाभर तेल, खोबरं, चहाची साखर आणि स्वयंपाक करताना तोंडात टाकलेलं पुन्हा मोजा. तरीही नाही हललं तर १०० कमी करा. उलट पहिले दोन आठवडे गेल्यावरही आठवड्याला पाऊण किलोच्या वर उतरत असेल तर १०० वाढवा; फार वेगाने उतरलं की पित्ताशयात खडे व्हायचा धोका वाढतो, केसही गळतात. ६६ किलोवर पोचलात की सूत्र पुन्हा मांडा, खर्च ११० ने कमी झालेला असेल.

मालवणची_सून
आणि चतुर्थीचे मोदक?

तिरफळ
उकडीचा मध्यम मोदक दीडशे ते दोनशे, वर तूप चमचाभर तर ४० आणखी. आठवड्याचा हिशोब धरा: १४५० गुणिले ७ म्हणजे १०१५०. तीन मोदक खाल्लेत तर पुढचे चार दिवस रोज दीडशे कमी, फुटाणे आणि एक घावन वगळलं की भागतं. दुसऱ्या दिवशी उपास मात्र करू नका, तिसऱ्या दिवशी दुप्पट जेवलं जातं.