जुन्या दवाखान्यांना आजचे बांधकाम नियम जसेच्या तसे लावणे न्याय्य आहे का?

जुना_जिना:
बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना आहे. वडिलांच्या काळापासूनचा, केवळ तपासणीपुरता, एकही खाट नसलेला. इमारतीची बीयू (बिल्डिंग यूज, म्हणजे इमारत वापरण्याची) परवानगी दाखवावी आणि जिना रुंद करावा, अशी नोटीस नुकतीच आली. जिना माझ्या एकट्याच्या मालकीचा नाही, वर बिऱ्हाडे राहतात आणि एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे. बांधतेवेळी जे नियमात बसत होते, ते आज बेकायदा का ठरावे?

नकाशेवाला:
डॉक्टरसाहेब, नोटिशीत आपला दवाखाना कोणत्या वर्गात धरला आहे, ते आधी पाहावे. 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार रुग्णालये संस्थात्मक इमारतींत मोडतात आणि त्यांचा जिना किमान 2 मीटर रुंद लागतो. डॉक्टरांच्या सल्लाखोल्या मात्र वकिलांच्या कचेऱ्यांबरोबर व्यावसायिक गटात येतात, तिथे दीड मीटर पुरतो. आग लागली तर रुग्ण स्वतःच्या पायांनी उतरेल की त्याला उचलून न्यावे लागेल, यावर हा भेद बेतलेला आहे, म्हणून इमारतीचे वय मला गौण वाटते. अर्थात आपल्याकडे प्रत्यक्ष अंमल राज्याच्या 2017 च्या विकास नियंत्रण नियमावलीचा असल्याने नोटिशीतले कलम तिच्याशी ताडून घ्यावे. भिंत हलवता येत नसेल तर मागच्या बाजूने दुसरी वाट सुचवून लेखी सवलत मागता येईल. जुनाट वायरिंग आणि जिन्यात रचलेली खोकी यांच्यासाठी मात्र जुन्या इमारतीची सबब सांगू नये.

फतेहगंजकर:
माझे छोटे नर्सिंग होम आहे. दुसऱ्या जिन्यासाठी मी दोन खोल्या सोडल्या, त्यामुळे सवलतीची भाषा ऐकली की थोडा राग येतो, हे मान्य करतो. ऑगस्ट 2020 मध्ये अहमदाबादला रुग्णालयाच्या आगीत 8 रुग्ण गेले, मे 2021 मध्ये भरूचला 18 जण. त्यानंतर जुलैमध्ये राज्य सरकारने बीयू नसलेल्या इमारतींना कारवाईपासून मुदत दिली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली होती. मुदत द्यावीच लागली तर ती कामाच्या वेळापत्रकाला बांधलेली असावी आणि तोवर तिथे रुग्ण दाखल करू नयेत. बिनखाटांच्या दवाखान्याला हे कितपत लावावे, याबाबत नकाशेवाल्यांशी माझा वाद नाही.

रावपुऱ्याची_लेक:
आगीपलीकडचेही पाहावे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने आरोग्यसेवेच्या खासगी इमारतीही सार्वजनिक मानल्या आहेत आणि जुन्या इमारती सुगम करण्यासाठी नियम लागू झाल्यापासून 5 वर्षे दिली होती; नियम 2017 चे आहेत. माझ्या आईचे गुडघे गेल्यापासून पहिल्या मजल्यावरचे आमचे डॉक्टर तिला रिक्षात येऊन तपासतात. त्यांचा चांगुलपणा मोठा आहे, पण रिक्षात बसून रक्तदाब मोजून घेण्यात तिला संकोच वाटतो.

जुना_जिना:
वर्ग पाहिला. नोटिशीत ‘रुग्णालय’ असेच लिहिले आहे, तेव्हा दुरुस्तीचा अर्ज उद्या देतो. वायरिंग तपासायला माणूस बोलावला आहे. तळमजल्यावर सकाळपुरती खोली मिळते का, हेही घरमालकांना विचारतो. भाडे परवडले तर बीयूचा प्रश्न तिथेही उरतोच, म्हणून नकाशेवाले, इमारतीचा मूळ मंजूर नकाशा सापडत नसेल तर सुरुवात कुठून करावी, तेवढे सांगावे.