१८३ दिवस पुरेसे नाहीत

'परदेशात कामाला जाऊन १८३ दिवसांच्या आत परतलं की तिथला कर लागत नाही' असं सर्रास म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. ओईसीडी (प्रामुख्याने विकसित देशांची संघटना) हिचा देशादेशांतल्या कर-करारांसाठी एक नमुना करार आहे; त्यात पगारासाठी आणखी दोन अटी आहेत: पगार देणारा त्या देशाचा रहिवासी नसावा आणि पगाराचा भार त्याच्या तिथल्या कायम आस्थापनेवर (म्हणजे शाखा, कार्यालय वगैरेंवर) पडलेला नसावा. तिन्ही जुळल्या तरच सूट. शिवाय दिवस मोजायचे ते कोणत्याही सलग १२ महिन्यांतले. मुक्काम दोन वर्षांत विभागून दिवस कमी दाखवायची डिसेंबर-जानेवारीची हातचलाखी तिथे चालत नाही.

हे पगाराचं झालं. छोट्या व्यावसायिकांनी परदेशी ग्राहकाने कापलेल्या कराचं प्रमाणपत्र लगेच मागून घ्यावं. नंतर आपल्या देशातल्या करात त्याचं क्रेडिट (तिथे भरलेला कर इथल्या करातून वळता करणं) मागताना कागद नसला की नाकी नऊ येतात.