बाळाभोवतीचं पाणी कमी आहे, कळा आणायला जेल की फोली? मदत हवी आहे

पहिलं बाळंतपण, ३८ आठवडे ४ दिवस झालेत. कालच्या सोनोग्राफीत एएफआय (बाळाभोवतीच्या पाण्याचं माप) ४.२ आला, गेल्या आठवड्यात ७ होता. डॉप्लर (रक्तप्रवाहाची तपासणी) नॉर्मल, एनएसटी (बाळाच्या ठोक्यांची तपासणी) चांगली, बाळाचं डोकं खाली, बीपी शुगर काही नाही, पाणी लीक होतंय का तेही बघून झालं, नाही होत. तीन-तीन लिटर पाणी, शहाळी सगळं झालं (सासूबाईंनी फ्रीजच्या वर शहाळ्यांची रांग लावलीय), आता डॉक्टर म्हणतात थांबण्यात अर्थ नाही, परवा सकाळी ॲडमिट व्हा.

पिशवीचं तोंड अजून बंदच, बिशप स्कोर (तोंड कळांसाठी किती तयार आहे त्याचे गुण) ३, म्हणजे कमीच. दोन पर्याय दिलेत, डायनोप्रोस्टोनचं जेल (तोंड मऊ करून कळा आणणारं औषध), सहा तासांनी परत बघून दुसरा डोस, किंवा फोली म्हणजे पिशवीच्या तोंडात ठेवून ते उघडायचा फुगा. कळा आणायच्या गोळीचं मीच विचारलं, मिसोप्रोस्टॉल २५ मायक्रोग्रॅमची, तर ती त्यांच्याकडे देत नाहीत. माझी भीती एवढीच की पाणी कमी असल्यावर नाळ दाबली जाते आणि जेलने कळा एकदम जोरात आल्या तर बाळाचे ठोके पडतील, जेल काही पूर्ण काढून टाकता येत नाही, फुगा निदान काढता तरी येतो. पण नुसत्या फुग्याने कळा येतातच असं नाही, पुढे कळा वाढवायला ऑक्सिटोसिनचं ड्रिप लागतंच म्हणे.

थेट सिझर करा असं कृपया सांगू नका, गरज पडली तर आमची तयारी आहे. ज्यांचा एएफआय ५ च्या खाली होता त्यांनी सांगा, जेल घेतलं की फोली, किती तास लागले, आणि ठोक्यांचा पट्टा सतत लावून ठेवला होता की मधूनमधून?