प्रतिसाद: यादी लांबते कशी

कामांच्या यादीत रोज पंधरा कामं लिहून निम्मी उरतात, अशी तक्रार मूळ लेखात आहे. हा आळस नव्हे, अंदाजाचा घोळ आहे. कामाला लागणारा वेळ माणूस कमीच धरतो, हे कानेमन-ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलंय.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानात हिशेब बघतो. सीझनला हळदीचे सौदे सुरू झाले की फोन, वजनं, हमालांची हाकाटी. त्या वेळेपुरतं यादीत काही लिहायचंच नाही. बँक, पट्ट्या (विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या) सगळं दुपारनंतर. आणि ‘जीएसटीचं बघणे’ असं मोघम लिहिलं की ते आठवडाभर लोंबकळतं. ‘मेची खरेदी बिलं फाइलला लावणे’ लिहिलं की चहाआधी उरकतं.

यादीसाठीच्या ॲपचं म्हणाल तर हौस असेल त्यांनी घ्यावं. मला पाठकोरा कागद पुरतो.