गणितातलं कॉम्बिनेशन आणि गोळीतलं कॉम्बिनेशन एकच का?

मेडिकलवाला, संगमनेर

नमस्कार मंडळी. एकवीस वर्षं झाली, मी मेडिकलच्या काउंटरवर उभा आहे. ‘साधी नको, कॉम्बिनेशनची द्या’, ‘हेच कॉम्बिनेशन दुसऱ्या कंपनीचं आहे का?’ हे दिवसभर कानावर असतं. मुलगी यंदा अकरावी सायन्सला. तिचा परम्युटेशन-कॉम्बिनेशनचा धडा सुरू झाला आणि माझाच गोंधळ उडाला.

मागच्या महिन्यात लग्नाला निघायच्या घाईत बॅगेच्या कुलपाचा नंबर आठवेना. तीन चकत्यांचं कॉम्बिनेशन लॉक. आकडे २, ५, ७ एवढं नक्की, पण आधी कुठला नंतर कुठला ते डोक्यातून गेलेलं. मुलीनं बॅग मांडीवर घेतली, पत्रिकेच्या पाठीमागे २५७, २७५, ५२७, ५७२, ७२५, ७५२ असे सहा नंबर लिहिले आणि एकेक लावत गेली. ७२५ ला खटका पडला. मग म्हणाली, “बाबा, कॉम्बिनेशन तर तुम्हाला पाठ होतं. विसरला होता ते परम्युटेशन.” मग या कुलपाला असं नाव का?

दुसरी गोष्ट मनाला लागून राहिली आहे. परवा एक आजोबा दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या घेऊन आले. एकीवर तापाची साधी पॅरासिटामॉल ६५०, दुसरीवर सर्दीची कॉम्बिनेशनची गोळी, आणि तिच्यातही पॅरासिटामॉल ५००. दोन्ही दर सहा तासांनी. म्हणजे दिवसाला २६०० आणि २०००, एकूण ४६०० मिलिग्रॅम. धडधाकट माणसालाही दिवसाला ४००० च्या वर जाऊ देत नाहीत, आजोबा तर पंचाहत्तरीचे. गोळ्या न देता आधी दोन्हीकडे फोन लावला. ही गोष्ट घरी सांगितली तेव्हा मुलगी म्हणाली, “गणितात एकच वस्तू दोन्ही गटांत असली तर गट एकत्र केल्यावर ती एकदाच मोजतात.” शरीर मात्र दोनदा मोजतं! शब्द एकच, मग हिशेब असे वेगळे कसे? आणि याला धड मराठी शब्द कोणता?

निवृत्त मास्तर

मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. वर्गात दोनच शब्द वापरायचो, निवड आणि मांडणी. कॉम्बिनेशन म्हणजे निवड, परम्युटेशन म्हणजे मांडणी. मुलीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. कुलपाला मांडणी लागते, त्यातून आकडा परत आला तरी चालतो, म्हणून तीन चकत्यांवर १० × १० × १० = १००० नंबर होतात. क्रमाला महत्त्व नसतं तर आकड्यांचे २२० च गट झाले असते आणि चोराचं काम सोपं झालं असतं. कुलपाचं नाव बोलीतून आलं, गणिताच्या पुस्तकातून नाही.

मुलांना समजावताना मी फोडणी सांगायचो. तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद. वाण्याच्या यादीत हे कसंही लिहा, पुडा तोच येणार. ती निवड. कढईत मात्र मोहरी तडतडायच्या आधी हळद पडली तर हळद करपते आणि मोहरी कच्ची राहते. पाच जिन्नस तेच, पण आमटी वाया. हे उदाहरण दिलं की मागच्या बाकावरची पोरंही मान वर करायची.

रसायनवाली ताई

आमच्या विषयात गोष्ट आणखी पुढे जाते. गणितात निवडलेल्या वस्तू निवडल्यानंतरही होत्या तशाच राहतात. आमच्याकडे तसं नाही. लहानपणी घराला चुना द्यायचा असला की वडील पिंपात कळीचा चुना टाकून वरून पाणी ओतायचे. आम्हाला लांब उभं करायचे, कारण क्षणात फसफसून वाफा यायच्या आणि पिंपाला हात लावता येत नसे. कळीचा चुनाही संपला, पाणीही संपलं, राहिला तो विरलेला चुना. ५६ ग्रॅमला १८ ग्रॅम पाणी, होतो ७४ ग्रॅम. प्रमाण ठरलेलं, जास्तीचं पाणी नुसतं वर उरतं. शाळेच्या पुस्तकात याला संयोग अभिक्रिया म्हणतात आणि तयार होतं ते संयुग. तुमची कॉम्बिनेशनची गोळी संयुग नव्हे, ते मिश्रण. पॅरासिटामॉल त्यात पॅरासिटामॉलच राहतं, म्हणून तर दोन गोळ्यांतलं मिळून बेरीज होते. मिश्रण, संयुग, संयोग हे शब्द आपल्याकडे इतके नीट वेगळे आहेत, ते वापरा ना.

चाळीसगावकर

या विषयावर मला राहवत नाही, कारण आमच्या गावापासून जवळच पाटण आहे. पाटणादेवीच्या परिसरातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ काढला, असं त्यात कोरलं आहे. साल १२०७ च्या सुमाराचं.

मेडिकलवाले दादा, तुमचा नि मुलीचा वाद भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथात, म्हणजे ११५० साली, शेजारी शेजारी बसलेला आहे. एका उदाहरणात राजाच्या आठ दारांच्या वाड्याची दारं एक, दोन, तीन अशी उघडण्याचे प्रकार विचारले आहेत. लगेच पुढे वैद्याचा प्रश्न: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट या सहा रसांपासून किती चवी होतात? रीत पाहा. ६ भागिले १ म्हणजे ६. त्याला ५ नं गुणून २ नं भागा, १५. त्याला ४ नं गुणून ३ नं भागा, २०. पुढे १५, ६, १. बेरीज ६३.

हे ६३ त्याच्या कितीतरी आधी चरक आणि सुश्रुत दोघांकडे आहेत. पण चरक तिथे थांबत नाही. मुख्य रस कुठला, मागून जाणवणारा कुठला, कमी किती नि जास्त किती हे धरलं तर चवी मोजता येणार नाहीत, असं तो लगेच सांगतो. मला हे फार मोठं वाटतं. रस आहे की नाही, एवढंच विचारलं तर ६३. किती आहे, हे विचारलं की वैद्याचं काम सुरू होतं. तुमच्या आजोबांच्या दोन चिठ्ठ्यांत नेमकं ते ‘किती’ सुटलं होतं.

मेडिकलवाला, संगमनेर

मास्तर, ताई, चाळीसगावकर, मनापासून आभार. आजोबांची सर्दीची गोळी बदलून मिळाली, आता बरे आहेत.

‘किती’ वरून टीबीची गोळी आठवली. आयसोनियाझिड ७५, रिफॅम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४००, इथॅम्ब्युटॉल २७५ असं चौघांचं एका गोळीत ठरलेलं माप, आणि गोळ्या किती ते वजनावर. पेशंट विचारतात, चार-चार औषधं कशाला? आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एक, रिफॅम्पिसिनला दाद न देणारा दहा कोटींत एक. दोन्हींना एकदम पुरून उरणारा हवा तर गुणाकार करायचा, एकावर चौदा शून्यं. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे, आणि तो रोग्याच्या बाजूनं आहे. म्हणून मधेच गोळ्या सोडणाऱ्याला मी काउंटरवर थांबवून हेच सांगतो.

मुलगी आत्ता आठ दारांचं उदाहरण करतेय. ८, २८, ५६, ७० पर्यंत आली आणि पुढे पुन्हा ५६, २८, ८. आकडे उलटे का फिरतात, असं विचारतेय. मास्तर, तुम्हीच सांगा.

निवृत्त मास्तर

तिला म्हणावं, उघडी दारं मोजू नकोस, बंद मोज. आठांतली तीन उघडायची ठरवलीस तेव्हाच पाच बंद ठेवायची ठरली. म्हणून तिनाचे ५६ आणि पाचाचेही ५६. शेवटी आठही उघडी, तो १. बेरीज २५५ आली की मला कळव. आणि आठही दारं बंद हा प्रकार त्यात का धरलेला नाही, यावर तिचं काय म्हणणं आहे तेही लिही.